संथ लाटेचा स्वार

नवापूरच्या रानात फाल्गुन लागला की पळसाच्या जोडीने पांगाराही पेटतो. पाने झडलेल्या काटेरी फांद्यांवर लालभडक फुलांचे तुरे येतात आणि सातपुड्याकडून येणाऱ्या वाऱ्यात ते दिवसभर हलत राहतात. मात्र या झाडाच्या लाकडाला सागवानाच्या या मुलुखात कोणी फारसे विचारत नाही. ते मऊ आणि अतिशय हलके असते, घरबांधणीला तर निरुपयोगीच. दक्षिणेकडे सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी मात्र त्याच हलकेपणाचे चीज केले आणि पिढ्यान्‌पिढ्या पांगाऱ्याच्या लाकडातून रंगीत खेळणी घडवली. नवापूरहून समुद्र शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. तरीही समुद्राच्या लाटांवर उभे राहून धावण्याच्या खेळाचे एक मूळ या झाडाच्या गोतावळ्यात सापडते. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर ‘विलिविली’ नावाचे झाड वाढते. ते पांगाऱ्याचे जवळचे भावंड असून वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने दोन्ही ‘इरिथ्रिना’ या एकाच प्रजातीतली. हवाईचे सरदार आपल्या सर्वांत लांब फळ्या याच विलिविलीच्या लाकडातून कोरून घेत. पुढे तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवून या विस्मृतीत चाललेल्या खेळाला जगभर नेणारा जलतरणपटू ड्यूक पाओआ कहानामोकू याने उतारवयात ज्या प्रकारच्या फळीला पसंती दिली, ती याच सरदारी फळीच्या घराण्यातली होती.

ड्यूकचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलू येथे झाला. ‘ड्यूक’ हे त्याचे नावच होते, पदवी नव्हे. इंग्लंडचा राजपुत्र ड्यूक ऑफ एडिंबरो १८६९ मध्ये हवाईला आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून वडिलांचे नाव ड्यूक ठेवले गेले आणि थोरल्या मुलाकडेही तेच आले. वडील पोलीस खात्यात होते. घरात सहा भाऊ आणि तीन बहिणी. हे कुटुंब वाइकिकीच्या किनाऱ्यालगत कालिया येथे राहत असे. पोहणे, होडी वल्हवणे, मासेमारी आणि लाटेवर स्वार होणे हे सारे तिथे शाळेआधीच शिकून होई. ड्यूकचे शालेय शिक्षण अर्धवटच राहिले.

तो दोन वर्षांचा असताना, १८९३ मध्ये, हवाईची राजसत्ता उलथवण्यात आली. १८९८ मध्ये अमेरिकेने ही बेटे आपल्या राज्याला जोडून घेतली. परकीयांबरोबर आलेल्या रोगांनी त्याआधीच मूळ रहिवाशांची वाताहत केली होती. १८९०च्या शिरगणतीत, मिश्र वंशाचे धरूनही, ते चाळीस हजारांच्या आसपास उरले होते. लाटांचा खेळही त्याच ओघात आटला. १८२० नंतर आलेल्या मिशनऱ्यांना त्यातील नग्नता, पैजा आणि रिकामटेकडेपणा खटकत असे, हे खरे. पण खेळ ओसरला तो केवळ त्यांच्या नापसंतीने नव्हे. खेळणारी माणसेच कमी झाली होती. फळी कोरणाऱ्याचे कसब, तिचे विधी, कोणत्या पाण्याला कोणती फळी याचे बारकावे, हे सारे सांगणाऱ्या पिढ्या हरपल्या होत्या.

हे बारकावे म्हणजे काय होते, हे समजल्याशिवाय ड्यूकने पुढे काय केले याचे मोल कळत नाही. जुन्या हवाईत फळ्यांचे मुख्यतः दोन प्रकार होते. ‘अलाया’ ही पातळ, तुलनेने आखूड फळी. ती कोआ म्हणजे बाभळीच्या गोतातील वृक्षाच्या, नाहीतर नीरफणसाच्या लाकडाची असे. उभ्या, झपाट्याने फुटणाऱ्या लाटेवर ती कामाची. दुसरी ‘ओलो’. ती अरुंद, जाड, दोन्ही बाजूंनी फुगीर आणि चौदा-सोळा फुटांपर्यंत लांब असून सरदारांच्या मानाची समजली जाई. जी लाट अजून फुटलेली नाही, जिचा चढ नुसता जाणवतो, अशा सुस्त लाटेसाठी ती होती. लाट आपल्या वेगाने पुढे जाते. तिने आपल्याला उचलून न्यावे असे वाटत असेल तर फळीला आधी त्या वेगाच्या जवळ पोहोचावे लागते. लाट जोरकस आणि उभी असेल तर उतारच फळीला ढकलतो; लाट लहान व दुबळी असेल तर ते काम हातांना आणि फळीच्या तरंगण्याला करावे लागते. लांब, जाड फळी पाण्यावर अधिक उंच तरंगते, दोन-चार हातांत वेग घेते आणि लाट फुटण्याआधीच तिच्या पाठीवर बसते. आखूड, पातळ फळी अशा पाण्यात बुडते आणि मागे राहते. दुबळ्या लाटेसाठी मोठी फळी हवी, हे नवख्याला उलटे वाटते, पण त्यामागचा हिशेब इतका साधा आहे.

टिकाऊपणाचा प्रश्न याच्याशीच गुंतलेला होता. विलिविलीचे लाकूड हलके, पण मऊ. खडकावर आपटले की खळगा पडणारच. कोआ कठीण, पण जड. म्हणून फळी वापरून झाली की ती वाळवायची, नारळाचे तेल चोळायचे, कापडात गुंडाळायची आणि घरात टांगून ठेवायची, अशी जुनी रीत होती. आपल्याकडे कोकणातली माणसे होडीला चोपडण करतात, त्यातलाच हा प्रकार. पाणी प्यालेले लाकूड दुप्पट जड होते आणि उन्हात टाकलेले लाकूड उलते, हे समुद्राकाठच्या कोणालाही वेगळे शिकवावे लागत नाही.

ड्यूक वयात आला तेव्हा विसाव्या शतकाची सुरुवात होती आणि वाइकिकीला या खेळाची पालवी पुन्हा फुटू लागली होती. १९०८ मध्ये आउटरिगर कनू क्लब स्थापन झाला. पण त्यात भरणा होता तो गोऱ्यांचा. किनाऱ्यावरच्या मूळ हवाई तरुणांनी आपली वेगळी मंडळी जमवली आणि १९११ मध्ये ‘हुई नालू’, म्हणजे लाटांची मंडळी, हा क्लब रीतसर उभा राहिला. त्यात ड्यूक अग्रभागी होता. या तरुणांच्या फळ्या आता कोआच्या नव्हत्या. कॅलिफोर्नियाहून येणाऱ्या रेडवुडच्या जाड ओंडक्यातून त्या कापल्या जात. रेडवुड सहजासहजी कुजत नाही, हा त्याचा मोठा गुण. ड्यूकची त्या काळातली फळी सुमारे दहा फुटांची होती, सोबत्यांच्या फळ्यांहून लांब. वाइकिकीची लाट दूरच्या प्रवाळखडकावर उठते आणि बहुतेक दिवस संथपणे, लांबवर किनाऱ्याकडे सरकत येते. लांब फळीचा निर्णय त्या पाण्यानेच घेतला होता, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९११ रोजी, होनोलुलूच्या बंदरात पोहण्याची स्पर्धा झाली. ड्यूकने शंभर यार्डांचे अंतर ५५.४ सेकंदांत कापले. प्रचलित विक्रमापेक्षा हा वेळ चार सेकंदांहून अधिक कमी होता. अमेरिकेच्या हौशी खेळाडूंच्या संघटनेला ते पटेना. प्रवाहाची साथ असावी, मोजमाप चुकले असावे, अशा शंका काढून तो विक्रम नाकारण्यात आला. एका बेटावरच्या सावळ्या तरुणाने बंदराच्या गढूळ पाण्यात हे करावे, हे मुख्य भूमीच्या पचनी पडणे अवघडच होते. उत्तर द्यायला त्याला फार काळ थांबावे लागले नाही. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने १०० मीटर मुक्त शैलीचे सुवर्णपदक आणि सांघिक शर्यतीचे रौप्यपदक मिळवले. १९१६ चे ऑलिंपिक महायुद्धाने गिळले, ऐन उमेदीची वर्षे वाया गेली. १९२० मध्ये अँटवर्पला तो पुन्हा उतरला तेव्हा तिशीचा होता, आणि तेथे त्याने १०० मीटर व सांघिक अशी दोन सुवर्णपदके जिंकली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जॉनी वाइसमुलरने त्याला मागे टाकले. ड्यूक दुसरा आला आणि तिसरा आला तो त्याचाच धाकटा भाऊ सॅम.

पदकांची ही यादी विश्वकोशांत मिळते. त्याच्या प्रवासांची दुसरी बाजू अधिक रंजक आहे. पोहण्याच्या प्रदर्शनासाठी तो जिथे जाई, तिथे समुद्र दिसला की फळी काढी. १९१२ मध्ये त्याने कॅलिफोर्नियात आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लाटांवरची कसरत दाखवली. १९१४ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात त्याला पोहण्यासाठी बोलावले होते. त्याच्याजवळ फळी नव्हती. मग सिडनीत शुगर पाइन या जातीच्या लाकडाची एक फळी मिळवून त्याने स्वतःच्या हाताने ती घडवली. लांबी सुमारे साडेआठ फूट, वाइकिकीतल्या त्याच्या फळीपेक्षा आखूड. सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावरची लाट वाळूच्या दांड्यावर जवळच उठते आणि चटकन फुटते. अशा ठिकाणी दहा फुटी ओंडका वळवणे कठीण, त्यामुळे ही लांबी तिथे शोभत होती. डिसेंबर १९१४ आणि जानेवारी १९१५ मध्ये हजारो लोकांनी त्याला लाटेवर ताठ उभा राहून येताना पाहिले. इझाबेल लेथम या किशोरवयीन मुलीला पुढे उभी करून त्याने एकाच फळीवर दोघांची स्वारीही दाखवली. ऑस्ट्रेलियात हा खेळ घरोघरी पोहोचला त्याची जंत्री तिथले लोक या दिवसांपासून मांडतात.

ती फळी ड्यूक तिथेच सोडून गेला. क्लॉड वेस्ट या तरुणाच्या हाती ती पडली आणि त्याने वर्षानुवर्षे ती वापरली. पुढे ती फ्रेशवॉटरच्या जीवरक्षक क्लबकडे आली. शंभराहून अधिक वर्षे उलटली तरी ती तिथे जपून ठेवलेली आहे. घाईत मिळवलेल्या, परक्या मुलखातल्या लाकडाने एवढी साथ द्यावी याचे श्रेय एकसंध फळीला आहे. जोड नाही, पोकळी नाही, खिळा नाही. पाणी शिरायला वाट नाही. मोबदला एकच, तो म्हणजे वजन.

वजनाचा फायदाही होता, आणि तो ड्यूकइतका कोणी वसूल केला नसेल. १९१७ मध्ये वाइकिकीला मोठ्या लाटांचा एक दिवस आला. त्या दिवशी दूरच्या प्रवाळखडकावरून लाट पकडून तो एकाच दमात किनाऱ्यापर्यंत आला. अंतर मैलाहून अधिक होते. ही स्वारी त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली. लाटेच्या उंचीचे वर्णन काळाबरोबर वाढत गेले आहे, ते सोडून देऊ. कौतुकाची गोष्ट दुसरी आहे. प्रवाळाच्या एका रांगेपासून दुसरीपर्यंत मध्ये खोल पाणी असते आणि तिथे मोठी लाटही मंदावून जेमतेम उंचवटा उरते. हलकी फळी तिथे थांबली असती. जड फळी मात्र कमावलेल्या वेगावर तो संथ पट्टा ओलांडून पुढच्या चढाला जाऊन भिडते. शेपटीला सुकाणू नसलेली ती फळी वळवायची तर पाय पाण्यात घालावा लागे, शरीर तोलावे लागे. एवढे लांब अंतर त्या साधनाने कापणे म्हणजे पाण्याचा नकाशा पाठ असणे.

कीर्ती अशी वाढत असताना घरात पैसा मात्र येत नव्हता. हौशी खेळाडूने खेळातून कमाई करायची नाही, हा त्या काळचा नियम. वाइकिकीची हॉटेले त्याच्या छायाचित्रांवर भरत होती आणि तो स्वतः किरकोळ नोकऱ्या करीत होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तो लॉस एंजल्सला राहून हॉलिवूडच्या चित्रपटांत लहानसहान भूमिका करू लागला. टोळीप्रमुख, चाचा, नोकर असले वेष त्याच्या वाट्याला येत. जगातील सर्वोत्तम जलतरणपटूला नायक करावे, असे त्या गोऱ्या उद्योगाला कधी सुचले नाही. तो मान काही वर्षांनी वाइसमुलरला टारझनच्या रूपाने मिळाला.

त्याच वास्तव्यात, १४ जून १९२५ रोजी, कॅलिफोर्नियातील कोरोना डेल मार येथे खवळलेल्या समुद्रात ‘थेल्मा’ नावाची मासेमारीची नौका उलटली. तिच्यावर २९ माणसे होती. ड्यूक मित्रांसह किनाऱ्यावर होता. तो फळी घेऊन त्या लाटांत शिरला, माणसे फळीवर ओढून घेतली, किनाऱ्याला आणली, पुन्हा गेला. अशा खेपा करून त्याने एकट्याने ८ जणांना वाचवले. सोबत्यांनी आणखी चौघांना बाहेर काढले. १७ जण बुडाले. पोहून जाणारा कितीही पट्टीचा असो, तो एका वेळी एकालाच कसाबसा धरू शकतो. जाड, तरंगती फळी मात्र दोघा-तिघांचा भार पेलते आणि दमलेल्या हातांना धरायला काहीतरी देते. अमेरिकी किनाऱ्यांवरील जीवरक्षकांनी पुढे फळी हे साधन म्हणून स्वीकारले, त्यामागे या घटनेचा मोठा वाटा आहे. तीन सुवर्णपदकांपेक्षा ही आठ माणसे मोठी म्हणावीत की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. ड्यूकने त्याबद्दल फारसा गवगवा केला नाही.

त्याच्या फळीच्या कथेत या सुमारास दुसरा माणूस येतो. विस्कॉन्सिनचा टॉम ब्लेक हा तरुण १९२० मध्ये डेट्रॉइटच्या एका चित्रपटगृहात ऑलिंपिकहून परतणाऱ्या ड्यूकला भेटला आणि त्या एका हस्तांदोलनाने त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. तो हवाईला आला. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात अब्नर पाकी या सरदाराच्या जुन्या ओलो फळ्या धूळ खात पडल्या होत्या. या पाकीची कन्या बर्निस पौआही बिशप हिच्याच वाड्यात ड्यूकचा जन्म झाला होता, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. ब्लेकने त्या फळ्या दुरुस्त केल्या, त्यांची प्रतिकृती केली आणि वजन घटवण्यासाठी लाकडात शेकडो छिद्रे पाडून वरून पातळ थर लावला. त्यातून पुढे आतून पोकळ, विमानाच्या पंखासारखी फासळ्यांची फळी निघाली. तिचे पेटंट त्याला १९३२ मध्ये मिळाले. १९३५ मध्ये त्याने फळीच्या शेपटीला सुकाणूसारखे पाते बसवले. पोकळ फळी हलकी आणि वेगवान, पण सांध्यांतून पाणी झिरपे. ते काढण्यासाठी तिला बूच ठेवावे लागे.

ड्यूकने हे सारे जवळून पाहिले. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याने स्वतःसाठी जी फळी पसंत केली ती ओलोच्या वळणाची, १६ फूट लांब, ११४ पौंड वजनाची, म्हणजे सुमारे ५२ किलोची. पाते नाही. भाताचे पोते खांद्यावर घेऊन वाळूतून चालत जावे, तसे ते प्रकरण. तरुण मंडळी फळ्या आखूड आणि वळणदार करण्याच्या मागे असताना हा माणूस उलट दिशेने गेला. त्यात पूर्वजांविषयीचा अभिमान होता यात शंका नाही. पण शुद्ध व्यवहारही होता. वय वाढले की लाटेमागे धावण्याचा जोर कमी होतो. सोळा फुटी फळी दूरवर, इतर कोणाला लाट जाणवण्याआधीच ती पकडते.

१९३० नंतर त्याने होनोलुलूत पेट्रोल पंप चालवले. पुढे तो शेरीफच्या पदावर निवडून आला आणि तब्बल १३ वेळा निवडला गेला. अधिकार थोडे आणि पाहुण्यांचे स्वागत जास्त, असे ते पद होते. १९६० नंतर ते संपुष्टात आले. १९४० मध्ये त्याने नृत्यशिक्षिका नदीन अलेक्झांडर हिच्याशी विवाह केला. हवाईचे वैभव पाहायला येणाऱ्या राजेरजवाड्यांना आणि नटनट्यांना फुलांचा हार घालणारा उंच, पांढऱ्या केसांचा माणूस, ही त्याची उत्तरायुष्यातील प्रतिमा. तिच्यामागची आर्थिक ओढाताण छायाचित्रांत दिसत नाही.

दरम्यान फळीचे रूप पालटले. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आणि राळेचे कवच आले. १९५८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात पॉलियुरेथेन फोमच्या फळ्या बाजारात आल्या. पन्नास किलोंचे ओझे दहा-बारा किलोंवर उतरले. १९६७ मध्ये आखूड फळ्यांची लाट आली आणि दोनेक वर्षांत दहा फुटी फळ्या अडगळीत गेल्या. तरुणांनी मिळवले ते वळण, गमावला तो संथ पाण्यातला आराम. ते ध्यानात यायला फार दिवस लागले नाहीत. काही वर्षांनी लांब फळ्या परतल्या. आज कोकणात पावसाळा सरल्यावर, समुद्र निवळून लाटा गुडघ्या-कमरेइतक्या उरतात तेव्हा, शिकणाऱ्याच्या हाती आठ-नऊ फुटांची, रुंद, जाड, सपाट तळाची फळीच दिली जाते. वाळूवर आपटूनही सहज न चेपणारे इपॉक्सीचे कवच, नाहीतर मऊ फोमचे आवरण, एवढाच काय तो काळाचा फरक. लांबी, जाडी आणि तरंगणे यांचा हिशेब ओलो कोरणाऱ्यांनी मांडला होता तोच आहे.

२२ जानेवारी १९६८ रोजी होनोलुलूत हृदयविकाराच्या झटक्याने ड्यूक कहानामोकूचे निधन झाले. वाइकिकीच्या किनाऱ्यावर मोठा समुदाय लोटला. होड्यांचा ताफा त्याच्या अस्थी घेऊन प्रवाळाच्या रांगेपलीकडे गेला आणि त्या समुद्रात सोडण्यात आल्या. सर्फिंगला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले ते टोकियोत, २०२१ मध्ये.

जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९० मध्ये, वाइकिकीला त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला गेला. बाहू पसरलेले, मागे उंच फळी, तोंड रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे. पर्यटकांना छायाचित्र काढायला ते सोयीचे आहे. किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांना मात्र ते खटकले, कारण समुद्राकडे पाठ करायची नाही हा तिथला पहिला धडा असतो. पुतळा फिरवला गेला नाही. त्याच्या पसरलेल्या हातांवर लोक रोज ताज्या फुलांचे हार चढवतात.